४ जीबीच्या लॅपटॉपवर कोडिंग येतं, त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढू नका

परवा रात्री सोलापूरहून दाजींचा फोन आला. पतसंस्थेचं ७० हजारांचं कर्ज काढतोय, जामीनदार म्हणून सही करशील का? कशाला, तर कॉम्प्युटर डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असलेल्या भाचीला नवा लॅपटॉप. अहो, तिच्याकडे लॅपटॉप आहे की! मागच्या वर्षी सेकंडहँड घेतलेला, आय३ प्रोसेसर, ४ जीबी रॅमचा. तर म्हणे तो कोडिंगला चालत नाही, पालकांच्या ग्रुपवर मेसेज आलाय. मी तो मेसेज मागवून वाचला आणि तेव्हापासून डोकं तापलंय, कारण दाजींसारखी किती माणसं तो वाचून दुकानात गेली असतील कोण जाणे.

मेसेज थोडक्यात असा: १६ जीबी रॅम, आय७ आणि ग्राफिक्स कार्ड नसेल तर मुलाला कॉम्प्युटर ब्रँच देऊ नका. कमी रॅमवर कोडिंग केलं तर प्रोसेसर जळतो. साध्या एडिटरमध्ये (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) चुका दिसत नाहीत, डीबगिंग, म्हणजे चूक शोधून काढणं, होत नाही. कंपनीत असले एडिटर कुणी वापरत नाही. आणि फुकटच्या एडिटरमधून व्हायरस येतो, म्हणून खालच्या लिंकवरून महागड्या आयडीईचं (कोड लिहिणं, चालवणं, तपासणं एकत्र करणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअरचं) क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेलं, व्हर्जन घ्या.

आधी रॅमचं बघू, कारण पैसे तिथे जातायत. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं पोरगं लिहितं काय? सी भाषेत प्राइम नंबर, मॅट्रिक्सचा गुणाकार, पुढे लिंक्ड लिस्ट. शंभर-दीडशे ओळींची फाइल, चार-पाच केबीची. जीसीसी हा फुकटचा कंपायलर ती कुठल्याही जुन्या मशीनवर सेकंदाच्या आत कंपाइल करतो, म्हणजे मशीनला चालवता येईल अशी करून देतो. मग मोठे आयडीई एवढी रॅम का खातात? कारण ते सगळा प्रोजेक्ट आणि त्याच्या सगळ्या लायब्रऱ्या वाचून त्यांची सूची बनवतात, मागे सतत काहीतरी तपासत बसतात, आणि इंटेलिजे, एक्लिप्स, अँड्रॉइड स्टुडिओ हे तर स्वतःच जावावर चालतात त्यामुळे उघडल्या उघडल्याच जागा अडवतात. हजारो फाइल्सच्या प्रोजेक्टला त्याचा खरंच उपयोग आहे, पण दीडशे ओळींच्या प्रॅक्टिकलमध्ये सूची करायला आहेच काय!

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मायक्रोसॉफ्टच्या पानावर जाऊन वाचा. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ या त्यांच्या मोठ्या आयडीईसाठी त्यांनी कमीत कमी ४ जीबी लिहिलंय आणि नेहमीच्या व्यावसायिक कामासाठी १६ जीबीची शिफारस केलीये. मेसेजवाल्याने १६ चा आकडा बहुतेक तिथूनच उचललाय आणि ‘व्यावसायिक’ हा शब्द गाळलाय. आता त्याच कंपनीच्या व्हीएस कोड या एडिटरचं पान उघडा: १.६ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १ जीबी रॅम. दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत ही, नावं जवळजवळ सारखी म्हणून लोक गल्लत करतात. तरी मी भाचीला व्हीएस कोडही दिला नाही. तो इलेक्ट्रॉन नावाच्या चौकटीवर बांधलाय, म्हणजे आत जवळजवळ अख्खा क्रोम ब्राउझर असतो, दहा एक्स्टेन्शन (जोड-सुविधा) टाकून शेजारी यूट्यूब लावलं की ४ जीबी भरलेच. तिला मी सी साठी जीनी हे हलकं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि पायथन भाषेसाठी तसंच थॉनी. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या ओएसबरोबर ही दोन्ही देतात, आणि रास्पबेरी पाय ३ मध्ये रॅम किती? १ जीबी. त्याच्यावर जगभरची शाळेतली पोरं पायथन शिकली आणि आपल्याकडे ४ जीबी असून बाप जामीनदार शोधत फिरतोय, ह्याचा मला राग येतो.

बरं, एक गोष्ट मान्य करायला लागेल, मनात नसलं तरी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला मोबाइल ॲपचा विषय असतो आणि अँड्रॉइड स्टुडिओ ४ जीबीवर नीट चालत नाही, गूगल स्वतः कमीत कमी ८ सांगतं आणि एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन) लावायचा तर त्याहून जास्त लागतं. एम्युलेटरऐवजी खरा फोन केबलने जोडला की बराच भार हलका होतो, पण ४ वर तरीही ओढाताणच. पण तो विषय तिला दोन वर्षांनी आहे! तेव्हा त्याच लॅपटॉपमध्ये रॅमची एक पट्टी वाढवता येईल, नाहीतर कॉलेजची लॅब आहे. आज जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तरी मशीन वेगळंच वाटायला लागतं.

प्रोसेसर जळण्याची गोष्ट साफ खोटी आहे. रॅम कमी पडली की विंडोज थोडा डेटा डिस्कवर नेऊन ठेवतं, त्याने मशीन मंद होतं, बस. आणि फार तापलं तर प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर मशीन बंद होतं. पंख्यातली धूळ काढा.

चुका दिसत नाहीत म्हणे. जीनीत एफ८ दाबलं की कंपाइल होतं, ज्या ओळीवर चूक तिथे लाल खूण येते, एफ९ ने प्रोग्राम बांधला की एफ५ ने तो चालतो. थॉनी एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात मुद्दाम शिकणाऱ्यांसाठी बनवलेलं आहे, एकेक पायरी पुढे जात व्हेरिएबलमध्ये आत्ता काय आहे ते बाजूला दाखवतं. हे भाचीने बघितलं तेव्हा ती म्हणाली, मामा, लूपमध्ये नेमकं काय होतं ते मला आज कळलं. आणि सी च्या डीबगिंगला जीडीबी हे सॉफ्टवेअर १९८६ पासून आहे, त्याला खिडकीसुद्धा लागत नाही, नुसत्या कमांड टाइप करून चालतं.

कंपनीत कुणी वापरत नाही? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा (कर्नल) सांभाळणारे लिनस तोरवाल्ड्स मायक्रोईमॅक्स हा साधा एडिटर वापरतात, तेही जाहीरपणे सांगून. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या साइटच्या २०२३ च्या सर्व्हेत नोटपॅड++ हा साधा एडिटर वापरणारे २४ टक्क्यांच्या आसपास होते आणि विम एडिटरवाले २२ च्या. सर्व्हरवर लॉगिन केलं की समोर फक्त काळी स्क्रीन असते, तिथे व्हीआय (विमचा पूर्वज) ज्याला येतं त्याचंच काम होतं.

आता क्रॅक. ह्या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच आहे. जीनी, थॉनीसारखा फुकट एडिटर त्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, त्याचा सोर्स कोड (मूळ लिहिलेला कोड) उघडा असतो, कुणीही तपासू शकतो. क्रॅकमध्ये मात्र कुणीतरी अनोळखी माणसाने प्रोग्राम फोडून परत बांधलेला असतो आणि सूचनांमध्ये पहिलीच पायरी अँटिव्हायरस बंद करा अशी असते. त्याच लॅपटॉपवर आईबापाचं नेट बँकिंग चालतं हो! आणि गरजच काय? व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती विद्यार्थ्यांना फुकट आहे, इंटेलिजे बनवणारी जेटब्रेन्स कंपनी कॉलेजच्या ईमेलवर महागडी आयडीई शिकण्यासाठी फुकट देते. ती लिंक कुणी उघडली असेल तर ते सॉफ्टवेअर काढून पासवर्ड आजच बदला, तेही दुसऱ्या मशीनवरून.

ग्रुपवर मी हे लिहिल्यावर एका पालकांनी विचारलं, म्हणजे हलकं हवं तर टर्बो सी चांगलं ना? नाही. टर्बो सी ची ती निळी स्क्रीन विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळातली, आज डॉसबॉक्स या नकली डॉसमध्ये कशीबशी चालवावी लागते, आणि तिच्यावर शिकलेली व्हॉइड मेन आणि सीएलआरएससीआर असं जुन्या पद्धतीचं लिहायची सवय पुढे मोडावी लागते. हलकं म्हणजे जुनं नव्हे, जीनीबरोबर आजचा जीसीसी टाका.

दाजींना काल सगळं सांगितलं. फॉर्म अजून भरला नव्हता, तो त्यांनी तसाच परत दिला.