वही बघतंय कोण?

वकील वैतागूनच कट्ट्यावर आला. पोरगी तिसरीत. 'पाण्याचे स्रोत' असा तक्ता करून न्यायचा होता. शनिवारी रात्री यानं स्टेशनरीवाल्याचं अर्धं ओढलेलं शटर वर करायला लावलं, कार्डशीट आणि चित्रांचा छापील कागद आणला. कातरकाम बायकोचं, अक्षर याचं. पोरगी कधीच झोपली होती.

"ए प्लस मिळाला," वकील म्हणाला. "मला. गृहपाठ बंदच करून टाकला पाहिजे!"

बापूंना एवढंच हवं होतं. ते बँकेतून रिटायर झालेत आणि त्यांचं 'आमच्या वेळी' अजून ड्युटीवर आहे. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा. पाढे, पावकी, निमकी, औटकी (म्हणजे साडेतीनचा पाढा). "विचारा सात औट किती. साडेचोवीस! कॅल्क्युलेटर काढायच्या आत."

"पण बापू, तुमचं ऐकायला समोर कोण असायचं?" मास्तरनं विचारलं. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे.

"आजोबा. चुकलं की तिथंच टपली."

"तेच तर! पोरांच्या वह्या कोण बघतंय?"

क्लासवाल्यानं मध्येच अमेरिका आणली. हॅरिस कूपर नावाच्या प्राध्यापकानं 2006 मध्ये तिकडच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सातवी ते बारावीत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध ठळक दिसला, खालच्या वर्गांत फारच फिका. "म्हणजे लहानांना नको, मोठ्यांना हवा," क्लासवाला म्हणाला. मोठी पोरं याच्याकडेच येतात, हे तो बोलला नाही.

"त्यासाठी अमेरिकेत कशाला जायचं?" मास्तर म्हणाला. "आपल्याकडच्या केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणातच लिहिलंय. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त 2 तास. सहावी ते आठवी दिवसाला 1 तास, पुढे 2."

"मग माझा आठवड्याचा कोटा शनिवारीच संपला," वकील म्हणाला.

हशा झाला, पण मास्तर हसला नाही. त्यानं मोबाईलवर एक फोटो दाखवला. त्याच्या वर्गातल्या एका पोराची गेल्या वर्षीची वही. 503 वजा 278, उत्तर 375. हातचा घ्यायचाच नाही, वर असो की खाली, मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा. आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, पाचातून दोन गेले तीन. खालची चार गणितंही याच पद्धतीनं, न चुकता चुकलेली. आणि पानाखाली लाल शाईत 'पाहिले', सही, तारीख.

"यानं गृहपाठ केला नाही असं म्हणाल? रोज केला. रोज चूक घोटली. आता ती सुटता सुटत नाही."

मला त्या 'पाहिले'चा राग आला. मास्तरला तितका आला नाही. त्याचा हिशेब साधा आहे: वर्गात बावन्न पोरं, वहीला दोन मिनिटं म्हटली तरी एकशेचार मिनिटं, तीही एकाच विषयाची. वरून माहिती भरा, फोटो टाका. मध्यंतरी, 2023-24 पासून, बालभारतीच्या पुस्तकांतच कोरी पानं घातली होती, 'माझी नोंद' म्हणून. दोन वर्षांत ती काढून टाकली. लिहायला जागा कमी होती अशी तक्रार कुठल्या मास्तरनं केली होती, देव जाणे.

आमच्या मास्तरनं स्वतःपुरता मार्ग काढलाय. अख्खा स्वाध्याय देत नाही, तीन गणितं देतो: एक आजचं, एक कालचं, एक महिन्यापूर्वीचं, म्हणजे विसरायला लागलेलं पुन्हा वर येतं. सकाळी पहिली दहा मिनिटं फळ्यावर तीच. चुकलेल्यानं फक्त 'मी असं केलं' एवढं सांगायचं.

"मग घरी तरी कशाला? शाळेतच सोडवून घे," वकील म्हणाला. "बंद म्हणजे बंद."

यावर चहावाले मामा गाळणं हातात घेऊन पुढे आले. त्यांचा मुलगा आठवीत, संध्याकाळी गाड्यामागच्या स्टुलावर बसून लिहितो. "वकीलसाहेब, मी सातवीत शाळा सोडली. त्याच्या वहीतलं मला काय कळत नाही. पण वही आहे म्हणून तो तासभर बसतो. तुम्ही बंद करा म्हणाल, तुमची पोरगी उद्या क्लासला जाईल. माझं पोरगं मोबाईल घेऊन बसेल."

क्लासवाल्यानं ग्लास उगाचच परत उचलला. वकिलाकडे याला उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. मामांच्या पोराला गृहपाठ हवाच. फक्त तो बघायला कोणी मास्तर हवा, आणि बावन्न वह्यांत त्याची वही कितवी येते त्यावर सगळं आलं.

"तक्ता तरी बंद करा रे," वकील शेवटी म्हणाला.

"पालकसभेत सांग की बाईंना."

"मी? तिसरीच्या बाईंना? कोर्टात कुणालाही बोलेन. तिथं बायकोला पाठवतो."

बापूंनी विचारलं, "मग ए प्लस तिला का नाही मिळाला? कातरकाम तर तिचं होतं."