‘डबल इक्वल लावा आणि मोकळे व्हा’ हा सल्ला घेऊ नका

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पायथन या प्रोग्रामिंग भाषेत दोन ॲरे, म्हणजे आकड्यांच्या रांगा, सारखे आहेत का हे बघायला एकेक आकडा तपासणारा लूप लिहू नका, एकच ओळ पुरते. दोन ॲरेंच्या मध्ये डबल इक्वल (==), म्हणजे ‘समान आहेत का’, आणि शेवटी ऑल, म्हणजे ‘सगळे जुळले का’. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतली ॲरे-इक्वल आणि ऑल-क्लोज ही तुलनेची फंक्शन्स फुकट वेळ खातात. दशांशाचा घोळ असेल तर दोन्हीकडे राउंड करा. आणि सगळ्यात बिनचूक तपासणी हवी तर बाइट्स, म्हणजे आकडे मेमरीत ज्या रूपात साठतात ते, जुळवा.

लूपबद्दलचं बहुतांशी खरं आहे. नमपायच्या ॲरेवर फॉर-लूप फिरवला की दर आकड्यामागे पायथनची एक नवी वस्तू तयार होते. तेच काम अख्ख्या ॲरेवर एकदम सोपवलं तर ते आतल्या सी भाषेतल्या कोडमध्ये झटपट उरकतं. त्यावर वाद नाही.

पण ‘फुकट वेळ खातात’ हे ॲरे-इक्वलच्या बाबतीत साफ चूक आहे. ते आधी दोन्ही ॲरेंचे आकार बघतं आणि जुळले तर मेसेजमधलीच ओळ चालवतं. जास्तीचा खर्च फक्त आकार बघण्याचा. तेवढ्यावर मोठा धोका टळतो, कारण डबल इक्वल एकच आकडा असलेला ॲरे समोरच्या ॲरेच्या आकारात बसवून घेतं. समजा, महसूल मंडळांच्या पावसाची फाइल गाळताना मंडळाचं नाव चुकीचं टाइप झालं आणि हाती रिकामा ॲरे आला. दुसऱ्या बाजूला एकच आकडा असलेला ॲरे आहे. मेसेजमधली ओळ यावर ‘ट्रू’ म्हणते! एकही तुलना झालेली नसताना सगळं जुळल्याचा निकाल. ॲरे-इक्वल तिथं ‘फॉल्स’ सांगतं.

उलटाही प्रकार होतो. पर्जन्यमापक बंद पडला त्या दिवशी फाइलमध्ये नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) येतो आणि दशांश आकड्यांच्या आयईईई ७५४ या मानकानुसार नॅन स्वतःशीसुद्धा समान नसतो. म्हणजे फाइलची हुबेहूब प्रत समोर ठेवली तरी ती ओळ ‘फॉल्स’ देणार. नमपाय १.१९ पासून ॲरे-इक्वलमध्ये इक्वल-नॅन हा पर्याय आहे तो यासाठीच.

राउंडचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो वरवर शहाणपणाचा दिसतो. २.४९४९९९ आणि २.४९५००१ हे आकडे जवळजवळ एकच आहेत. दोन घरांपर्यंत राउंड केले की एक २.४९ होतो आणि दुसरा २.५०. आणि २.४८५१ व २.४९४९ यांच्यात कितीतरी मोठा फरक असून ते दोन्ही २.४९ होऊन ‘सारखे’ ठरतात.

दशांशाचा घोळ मात्र खरा आहे. ०.१ आणि ०.२ आधी मिळवून मग ०.३ मिळवले तर उत्तर ०.६००००००००००००००१ येतं, ०.२ आणि ०.३ आधी मिळवले तर ०.६. बेरजेचा क्रम बदलला की शेपटी बदलते. म्हणून ऑल-क्लोज आहे. ते फरक किती चालेल हे विचारतं, आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर दुसऱ्या ॲरेतल्या आकड्याचा एक लाखावा भाग, अधिक एक अत्यल्प स्थिर रक्कम, एवढी सूट देतं.

ही आयती सूट म्हणजे किती, हे जायकवाडीवर बघा. धरणाचा जिवंत साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर. त्याचा एक लाखावा भाग म्हणजे सुमारे २ कोटी १७ लाख लिटर. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला येणारी ५० वाघिणींची पाण्याची रेल्वे एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर आणायची. अशा आठ खेपांहून जास्त पाणी ऑल-क्लोजच्या लेखी फरकच नाही. मग ही सूट सैल आहे का? तेच पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटरच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, पसरा, पातळी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकीही हलत नाही. पातळीवरून काढलेला साठा तपासताना ही सूट उलट फार कडक आहे. टँकरच्या हिशेबाला ती परवडणारी नाही. आणि नोंदवहीची प्रत बरोबर उतरली का हे बघायचं असेल तर सूटच नको, तिथं ॲरे-इक्वल हवं. मोजमाप कशाचं आणि प्रश्न कोणता, हे माहीत असलेल्या माणसानंच हा आकडा द्यायचा असतो.

बाइट्सचं थोडक्यात. उणे शून्य आणि अधिक शून्य गणितात समान, पण त्यांचे बाइट्स वेगळे. सरासरीपासूनची तूट उणे ०.००१ असेल आणि मेसेजप्रमाणे ती राउंड केली, की नेमकं उणे शून्यच हाती येतं. ६५ हा पूर्णांक आणि ६५.० हा दशांश यांचेही बाइट्स जुळत नाहीत.

वेगाचीच काळजी असेल तर ती वेगळ्या ठिकाणी करा. डबल इक्वल पहिलाच आकडा चुकला तरी शेवटापर्यंत सगळी तुलना करतं, आणि एक कोटी आकड्यांसाठी एक कोटी बाइटचा तात्पुरता ॲरे बनवतं. ऑल-क्लोज तर असे अनेक बनवतं. म्हणून लाख-लाख आकड्यांचे तुकडे पाडा, दर तुकडा योग्य त्या फंक्शनला द्या आणि पहिल्या न जुळलेल्या तुकड्याशी थांबा. तुकड्यांवरचा हा लूप लिहायला हरकत नाही, तो एक कोटीत फक्त शंभर वेळा फिरतो. दोन्ही ॲरेंची पूर्ण लांबी मात्र आधी जुळवून घ्या, नाहीतर लहान ॲरे संपला की तपासणीही तिथंच संपेल आणि उरलेले आकडे न बघताच राहतील.