गव्हाचा नवस

गोव्यात राहून गव्हाचा आजार होणं ही नशिबाने मुद्दाम केलेली खोडी आहे. इथे दुपारी उकड्या तांदळाचं शीत, रात्री पुन्हा शीत, आणि मधेच भूक लागली तर सकाळची उरलेली पेज. हुमणात नारळ, कढीत सोलं, तव्यावर बांगडा. या पंगतीत गव्हाला खरं तर पाटच मांडलेला नाही. म्हणून रिपोर्टवर ‘सिलिअ‍ॅक’ हा शब्द आला तेव्हा आईने डॉक्टरांनाच विचारलं, “पण हा गहू खातो कुठे?”

कुठे, ते पुढे कळत गेलं.

मूळ तक्रार हिमोग्लोबिनची. लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन जिभेला खिळ्यांची चव आली, पण आकडा जागचा हलेना. बाईचं हिमोग्लोबिन कमी असलं तर कोणाला काही वाटत नाही. (वाटायला हवं, पण तो वेगळा विषय.) पुरुषाचं कमी असलं की मात्र चौकशी समिती बसते. मूळव्याध आहे का? जंत झालेत का? सूनबाई नीट जेवायला घालते ना? त्यातच पोट फुगायचं. ते आम्ही ‘वात’ या खात्यावर टाकून त्यावर ओवा आणि हिंग सुरू ठेवला होता. हिंग लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

मग एका चुलतभावाने मोबाइलवर काहीतरी वाचून फर्मान काढलं, गहू सोड. सोडला, आणि महिनाभरात खरंच हुशारी वाटू लागली. ही खुशखबर घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी कपाळाला हात लावला. या आजारात शरीर गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनावर चवताळतं आणि त्या भरात स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. त्या हल्ल्याच्या खुणा, म्हणजे टीटीजी नावाची प्रतिपिंडं, रक्तात शोधायची असतात. गहू बंद केला की हल्ला थंडावतो, खुणा पुसट होतात आणि आजार असूनही तपासणी कोरी येऊ शकते. “तेव्हा पुन्हा गहू सुरू करा,” डॉक्टर म्हणाले. “रोज दोन स्लाइस तरी. सहा-आठ आठवडे. मग रक्त द्या.”

ज्याने पोट दुखतं तेच चिठ्ठीवर लिहून देणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला.

आमच्या वाड्यावर सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला येतो. सायकलला मागे मोठी टोपली, वरून निळं प्लास्टिक, आणि रबरी भोंग्याची पों-पों. तोवर आमच्याकडे पाव आला तर पातळभाजीसोबत, रविवारी. आता त्याचा रोजचा रतीब लागला. भोंगा ऐकू आला की बायको आतून ओरडायची, “अहो, तुमचं औषध आलं!” कोंडा लावलेली गरम पोई, कडक पाठीचे उंडे, चहात बुडवायला काकणं. इतकं रुचकर औषध मी जन्मात घेतलं नव्हतं आणि इतकं छळणारंही नाही. अकरा वाजेपर्यंत पोटात भजनी मंडळ बसायचं. मी कळवळलो की आई समाधानाने मान डोलवायची, “लागू पडतंय वाटतं.”

रक्ताचा अहवाल भरभक्कम आला. त्यावर शिक्कामोर्तब करायला एंडोस्कोपी.

एंडोस्कोपीला उपाशीपोटी जायचं, हा त्यातला एकमेव सन्माननीय भाग. आधी घशात एक फवारा मारतात. तो पाड पिकलेल्या केळ्याचा वास असलेलं काहीतरी कडू असतं आणि दोन मिनिटांत आपला घसा आपला राहत नाही. मग डाव्या कुशीवर झोपवून दातांत एक प्लास्टिकची कडी अडकवतात, म्हणजे दुर्बीण चावता येऊ नये. वास्तविक त्या क्षणी चावण्याची इच्छा प्रबळ असते. “गिळा, गिळा,” असं डॉक्टर प्रेमाने म्हणतात, जणू समोर खरवस आहे. लाळ उशीवर, डोळ्यांत पाणी, तोंडातून येणारे आवाज माझ्यासारख्या नाट्यप्रेमी माणसाला न शोभणारे. नर्सबाई पाठीवरून हात फिरवत “झालं, झालं” म्हणत होत्या आणि तेव्हा काहीच झालेलं नव्हतं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तिळाएवढे निदान चार तरी तुकडे चिमट्याने काढतात, कारण बिघाड सगळीकडे सारखा नसतो. ते तुकडे निघताना दुखत नाहीत. आतड्याच्या अस्तराला काढून घेतल्याचं कळतच नाही, हे एक बरं आहे.

निरोगी आतड्याला आतून बारीक लव असते, नव्या टर्किश टॉवेलसारखी. अन्न ती शोषून घेते. माझ्या टॉवेलचं पंच्यात रूपांतर झालं होतं. आणि लोह शोषलं जातं ते नेमकं याच पट्ट्यात. वर्षभर मी गोळ्या गिळत होतो आणि त्या पुढच्या मार्गाने निघून जात होत्या.

या आजाराचा गव्हाशी संबंध विलेम डिके नावाच्या एका डच बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिला. त्याचा प्रबंध 1950चा. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हाही या आजाराची मुलं गव्हाविना ठीक राहिली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली, असं त्याच्या पाहण्यात आलं. त्याआधी अमेरिकेत सिडनी हास या डॉक्टरने 1924मध्ये अशा मुलांना केळ्यांवर ठेवण्याची टूम काढली होती. मुलं सुधारायची, श्रेय केळ्याला जायचं. हे वाचून मी मयड्याची केळी आणून ठेवली. उपचार म्हणून नाही, इतिहासाबद्दल आदर म्हणून.

औषध नाही, गोळी नाही. गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद. “एवढंच ना?” मी ऐटीत म्हणालो. “आम्ही गोंयकार. भात खाणारे.”

घरी येऊन बायकोने चष्मा लावला आणि स्वयंपाकघराची झडती घेतली. पहिला आरोपी हिंग. डबीवर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ! बांधणीच्या हिंगात ते घालतात, आणि मी पोट फुगलं की तोच ताकात घालून पीत होतो. मग सोया सॉस निघाला, सुपाची पाकिटं निघाली, शेवया निघाल्या, चवथीच्या नेवऱ्या निघाल्या. बिबिंकाही गेला, त्यात मैदा. दोदोल तांदळाचा म्हणून राहिला. बिअर जवाची, ती गेली. काजूची फेणी मात्र चालते, असं डॉक्टरांनी विचारलेलं नसताना सांगितलं. फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा झाला नव्हता इतका तिचा अभिमान मला त्या दिवशी वाटला. ‘ग्लूटेन फ्री’ ब्रेड पणजीत मिळतो. तो कापायला विळी लागते आणि किंमत सोनाराने ठरवल्यासारखी वाटते. घरात तांदळाची भाकरी नि नाचणीची आंबील असताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

पदार्थ सुटतात. माणसं सुटत नाहीत.

हॉटेलात मी वेटरला सांगितलं, बांगड्याला रवा नको, तांदळाचं पीठ लावा. “हो साहेब.” बांगडा आला तो सोनेरी रव्याचं चिलखत घालून. “यात रवा आहे.” त्याने वाकून निरखून पाहिलं. “जास्त नाही लावला, साहेब.” लग्नाच्या जेवणात मामी ताटात पुरी सोडते आणि म्हणते, “इल्लेंशें खाल्यार कांय जायना रे,” म्हणजे थोडासा खाल्ला तर काही होत नाही. सत्यनारायणाला तर इज्जतीचाच प्रश्न. प्रसाद रव्याचा शिरा. त्यात भटजींनी नुकतंच सांगितलेलं असतं की कलावतीने प्रसाद न घेता धाव घेतली आणि नवऱ्यासकट नौका गडप झाली. अशा वेळी आतड्याची लव कोणाला दाखवणार? शेजारची आंटी म्हणाली, चर्चमध्येही तेच. मिसेला मिळणारी पांढरी चकती गव्हाचीच हवी. अगदी कमी ग्लूटेनची चालते, बिलकूल नसलेली नाही, असं व्हॅटिकनने 2017मध्ये पुन्हा बजावलंय. देव कोणताही असो, गव्हाशी त्याचं जमतं.

हे सगळं ज्या एका व्यक्तीला पहिल्या वाक्यात समजलं ती आमची मोठी काकी. वय ऐंशीच्या पुढे, सोवळं कडक. मी सांगत होतो की ‘ग्लूटेन फ्री’ म्हणवून घ्यायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, चपातीच्या तव्यावर भाकरी टाकली तरी—

“बाटली,” काकी म्हणाली.

“हो.”

“पोळपाट-लाटणं?”

“वेगळं.”

“तळणीचं तेल?”

“तेही.”

“मग त्यात न समजण्यासारखं काय आहे?” आणि तिने दुपारपर्यंत माझ्यासाठी एक फळी रिकामी केली. नवा तवा, वेगळी कालथी, नव्या डब्या, खडा हिंग. गव्हाचे हात लागलेला कोणी त्या फळीजवळ फिरकला तर ती सोप्यातून खाकरते. सोवळ्या-ओवळ्याची टिंगल करण्यात माझं तारुण्य गेलं. आता मी त्याच सोवळ्यावर जगतो आणि गुमान हात धुतो.

बाहेरच्यांसाठी तोडगाही तिचाच. “आजार म्हणू नकोस. आजाराला लोक औषध सुचवतात. नवस म्हण.”

करून पाहिलं. पुढच्या सत्यनारायणाला हात जोडून म्हणालो, “माझा गव्हाचा नेम आहे.” शिऱ्याची वाटी हवेतच थांबली आणि आदराने मागे गेली. माझ्या तळव्यावर केळ्याचे तुकडे आले. कोणी “थोडासा” म्हटलं नाही. ज्या मामीने रक्ताचा अहवाल उडवून लावला होता तिने स्वतः धावत जाऊन माझ्यासाठी वेगळ्या कढईत साबुदाण्याच्या वड्या तळल्या, आणि कढई आधी घासली का, हे मी विचारण्याआधी तिनेच सांगितलं. त्याच हॉटेलात “नेम आहे” म्हटल्यावर बांगडा तांदळाच्या पिठात, धुतलेल्या तव्यावर आला, आणि वेटरने विचारलं, “मंगेशाला बोलला होता का, साहेब?”

सख्ख्या नात्यातल्यांनीही तपासून घ्यावं म्हणून डॉक्टरांनी धाकट्या भावाचं रक्त मागवलं आहे. तो सुईला भितो. “मी पण नवसच बोलतो ना,” म्हणतो.

आता पंचाईत वेगळीच झाली आहे. नवस म्हटला की फेडणं आलं. हा तर जन्मभराचा, आणि ते सांगायची सोय उरलेली नाही. सासुरवाडीहून दर फोनला विचारणा होते, उद्यापन कधी? मेहुण्याने तर आचाऱ्याशी बोलणंही केलंय. खतखतें, वालीची उसळ, मणगणें, आणि “भावोजींनी इतकं मन मारलं” म्हणून खास त्यांच्यासाठी गरम गरम पुऱ्या.