पाठ नसलेला अंतराळवीर

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी गच्चीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक लोखंडी ठोकळा लावून ठेवतात. असेल विटेपेक्षा लहानच, पण एका हातानं उचलायला गेलात तर मनगट दुखतं. पालथा पडलेला असतो म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. उताणा केला की आत एक माणूस दिसतो. डोक्यावर घुमटासारखं हेल्मेट, छातीवर तीन गोल बटणं, हातात पिस्तूल. कोरलेला, म्हणजे खड्ड्यातला माणूस. ही डाय आहे, म्हणजे प्लास्टिकची खेळणी काढायचा साचा. खरं तर अर्धी डाय.

गोष्ट १९९८ची. दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ लागायचं, मिलिंद सोमण अंतराळात गुंड पकडायचा आणि आमच्या गल्लीतलं प्रत्येक पोर घड्याळात तोंड घालून कुणाला तरी हुकूम सोडायचं. काकांचं पोलोग्राउंडला, कारखान्यांच्या वस्तीत, छोटं काम होतं. दोन हँड मोल्डिंग मशिनं, माल म्हणजे बाटल्यांची बुचं आणि जत्रेतल्या शिट्ट्या. तयार माल पोत्यात भरून राणीपुऱ्याच्या बाजारात जायचा. तिथल्या दुकानदारानं एकदा विचारलं, “भिया, अंतरिक्ष वाला कुछ नहीं है क्या?” काका घरी आले ते हिशेब मांडतच. म्हणाले, “शिट्टीच्या तिप्पट प्लास्टिकच्या दाण्यात माणूस होतो, अन् जातो दहापट भावानं.” परवानगी-बिरवानगी हा विषय त्यांच्या डोक्यात आला नाही, कारण त्यांच्या मते तो व्योम नव्हताच, ‘आपला एक अंतराळवीर’ होता.

डायवाल्यानं आगाऊ घेतलेल्या पैशात पुढचा भाग कोरला. मागच्या भागाचे पैसे द्यायच्या आधी काकांचा पार्टनर फुटला. दिवाळीपर्यंत एक मशीन विकलं गेलं, दुसरं वर्षभरात. शिट्टीवाल्या डाया भंगारात गेल्या. ही का राहिली, कोण जाणे.

मग गणपतीत मला शोध लागला. मूर्तीसाठी आणलेल्या शाडूतला उरलेला गोळा होता. डायमध्ये आधी पावडर भुरभुरली (आईची, डबा रिकामा केल्याबद्दल पाठीत धपाटा मिळाला), मग माती अंगठ्यानं कोपऱ्याकोपऱ्यात दाबली, वरून पट्टीनं सपाट केली आणि ठोकळा पालथा करून ठोकला. पहिल्याची मान आतच राहिली. दुसऱ्याचं पिस्तूल. चौथा अख्खा निघाला. डायमध्ये पिस्तूल डाव्या हातात दिसायचं, माती बाहेर आली की उजव्या. ती अदलाबदल बघायलाच मी किती वेळ बसायचो. गच्चीवर सोळा-सतरा जण वाळत घातले होते. सगळे पाठीनं सपाट, चपातीसारखे, त्यामुळे उभं करायचं तर भिंतीला टेकवून. आमची अख्खी अंतराळसेना भिंतीला टेकूनच लढली.

हे आत्ता आठवायचं कारण, गेले काही महिने मी रात्री जागून ‘न निघालेल्या खेळण्यां’बद्दल वाचतोय. त्यातला राजा म्हणजे ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतला बोबा फेट. १९७९मध्ये केनर या अमेरिकेतल्या खेळण्यांच्या कंपनीनं जाहिरात केली, पाठीतून खरोखरचा रॉकेट उडवणारा बोबा फेट पोस्टानं मागवा. मग दुसऱ्या एका कंपनीच्या अंतराळयानाचा असाच उडणारा तुकडा घशात अडकून एक मूल दगावल्याची बातमी आली होती, तिचा धसका घेऊन केनरनं स्प्रिंग काढून टाकली आणि मुलांना रॉकेट चिकटवलेला बाहुला पाठवला. पण त्याआधी कारखान्यात काही नमुने निघाले होते, निळसर करड्या प्लास्टिकचे, बिनरंगाचे. पाठीतली खिटी सरकायची खाच काहींत एल आकाराची, काहींत जे आकाराची. त्या खाचेच्या आकारावर लोक पानंच्या पानं लिहितात. २०२४मध्ये असा एक रंगवलेला नमुना लिलावात ५ लाख डॉलरच्या वर गेला. त्यात राणीपुरा नाही तरी राणीपुऱ्याची एक गल्ली यावी.

‘एलियन’चीही तीच तऱ्हा. १९७९च्या त्या सिनेमाला लहान मुलांना एकट्यानं जायची परवानगी नव्हती, तरी केनरनं त्याचा १८ इंची राक्षस मुलांसाठी बाजारात आणला. (ही कल्पना मंजूर करणाऱ्या माणसाला एकदा भेटायला आवडलं असतं.) तो पडून राहिला आणि पावणेचार इंची बाहुल्यांची पुढची मालिका नमुन्यांवरच थांबली. तब्बल ३४ वर्षांनी, २०१३मध्ये, त्या नमुन्यांवरून बाहुल्या काढून विकल्या गेल्या, पुठ्ठासुद्धा जुन्या धाटणीचा. पन्नाशीकडे झुकलेल्यांनी लहानपणी न मिळालेली वस्तू विकत घेतली. मला ही गंमत पटत नाही. जे खेळणं निघालंच नाही त्याच्यावर ओरखडा नसतो, कुणी त्याला टबात बुडवलेलं नसतं, भावानं हात मोडलेला नसतो. नव्या पुठ्ठ्यातला तो जुना बाहुला मला कोरा वाटतो. तुम्ही घेतला असेल तर भांडायला या, चहा पाजतो.

मला हेवा वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांच्या न निघालेल्या खेळण्यांचीसुद्धा चित्रं आहेत, नमुने आहेत, कोणी कधी काय नाकारलं ते लिहून ठेवलंय. आपल्याकडे निघालेल्या खेळण्यांचंही काही नाही. मोठ्यांचं थोडंफार आहे. फनस्कूल, टायरवाल्या एमआरएफनं आणि अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं मिळून १९८७मध्ये काढलेली; गोव्यात त्यांनी जी. आय. ज्यो हे सैनिक बाहुले काढले, हॅस्ब्रोच्याच जुन्या डायांवर पण भलत्याच रंगांत, आणि आता परदेशातले लोक तेच रंग शोधत फिरतात. लिओ कंपनीचा ही-मॅनही लोकांना आठवतो. तो आमच्या गल्लीत एकच होता, डॉक्टरांच्या मुलाकडे, आणि हात लावायला नंबर लागायचा.

पण आम्ही ज्यांच्याशी खेळलो ते बिननावाचे. बादल्या-मगांच्या भंगारातून बनलेल्या दाण्याचे, म्हणून रंग कायम मळकट, हिरव्यात मध्येच लाल रेघ. दोन भागांच्या जोडावर प्लास्टिकची धार, जी दातानं कुरतडायची. पाठीवर कधी एखादं अक्षर, कधी नुसता आकडा. कोणत्या शेडमध्ये निघाले, डाय कोणी कोरली, कधी बंद पडले, कुठेच नोंद नाही. काकांना विचारलं तर डायवाल्याचं आडनावही आठवत नाही, “दाढी होती” एवढंच.

म्हणून एक काम सांगतो. इंदूरचे, आणि इंदूर सोडून पुण्याला पळालेले पण, माळ्यावरचे डबे काढा. राणीपुऱ्यातून किंवा जत्रेतून आणलेला नव्वदच्या दशकातला एखादा रोबो, शिपाई, यानाचा तुकडा सापडला तर खाली फोटो टाका. तुटका चालेल. आणि फोटो पाठीचाही काढा.