मोडतं ते मोड्युलर

मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या घरी कोंबड्या नसतात. गेल्या वर्षी शिमग्यापासून वैशाखापर्यंत माझे इतके दिवस चांगले गेले की चौदा कोंबड्यांच्या नऊ उरल्या. कोंबा वाचला, कारण संकट आलं की सगळ्यांत आधी फणसावर चढणारा तोच.

आमचं खुराडं तसं पिढीजात. चार थर चिरे आणि वर पत्रा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकलं, तेव्हा तो पत्रा उडाला आणि शेजारच्या आबाकाकांच्या विहिरीवर जाऊन बसला. इतका बेताने बसला की तो परत द्यायचा विषय आबाकाकांनी आजवर काढलेला नाही. तेव्हापासून आमच्या खुराड्यावर नारळाचे विणलेले झाप, झापांवर दगड आणि दगडांवर भरवसा. मुंगसाला दगड उचलावा लागत नाही. झाप नाकाने बाजूला सारला की झालं.

"बाबा, मॉड्युलर पॅनल घ्या," मुलगा पुण्याहून म्हणाला. "वेल्डमेशचे, म्हणजे तारेच्या जाळीचे, चौकोन येतात. हवे तसे जोडायचे, नको तेव्हा सोडवायचे, कोंबड्या वाढल्या की दोन पॅनल वाढवायचे." त्याने फोटो पाठवला. हिरवळ, त्यावर चकचकीत पिंजरा, आत नुकत्याच न्हाऊन आल्यासारख्या चार पांढऱ्या कोंबड्या. फोटोत चिखल नव्हता, पालापाचोळा नव्हता, कोंबडीने करायची ती घाणसुद्धा नव्हती. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मागवताना तारेचे दोन पर्याय होते, १४ गेज आणि १८ गेज. तीस वर्षं ठाण्याला हिशेबखात्यात काढलेल्या माणसाला १४ मोठे की १८ हे काय शिकवायचं? शिवाय १८ वालं स्वस्त होतं. म्हटलं, सेल असेल. गेजचा आकडा चढत जातो तशी तार बारीक होत जाते, हे मला पुढे देवगडच्या हार्डवेअरवाल्याने सांगितलं. १४ गेजची तार दोन मिलिमीटरची, १८ ची जेमतेम सव्वाची. "काकानू, अठरा गेज लव्हबर्डांक," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. एक गोष्ट मात्र माझ्या हातून बरोबर झाली होती. भोक अर्ध्या इंचाचं निवडलं. ती षटकोनी चिकनजाळी असते ना, ती कोंबडीला बाहेर जाऊ देत नाही एवढंच. आत येणाऱ्याने दात लावले तर ती टिकत नाही.

किंमत सांगत नाही. हिला सांगितलेली आणि खरी यांत अजून तफावत आहे.

कुरिअरवाल्याला मोबाइलचा नकाशा आमच्या पाणंदीच्या तोंडाशी आणतो आणि तिथे हात वर करतो. त्यामुळे माल तिठ्यावरच्या पानपट्टीत उतरला. सोळा पॅनल, प्रत्येक तीन फूट बाय तीन फूट. मागच्या सीटवर पॅनल ऐसपैस बसले आणि पुढे रिक्षावाल्याच्या मांडीला मांडी लावून मी. वाटेत तिघांनी विचारलं, "पिंजरो कोणाक?" रिक्षावाला गिअर बदलत फक्त हसला. संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी होती की वनखात्याने बिबट्याचा पिंजरा माझ्याकडे ठेवायला दिलाय. दोघे जण आपापली कुत्री आत घेऊन झोपले.

खोक्यावर लिहिलं होतं: हत्याराविना, अवघ्या ३० मिनिटांत. कोणाच्या ३० मिनिटांत, ते लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात सगळं मांडलं. पुस्तिका मराठीत होती, म्हणजे अक्षरं मराठी होती. पॅनलच्या एका कडेला खुंट्या आणि दुसऱ्या कडेला कड्या. आधी खुंटी कडीत घालायची, मग त्यावर क्लिप मारायची. पडवीत बसून ही मोठ्याने वाचू लागली, "नर पॅनल मादी पॅनलमध्ये हळुवारपणे घाला आणि आवाज येईपर्यंत दाबा." शेजारी काकी वालीच्या शेंगा मोडत होती. तिचे हात थांबले.

"शिरा पडो तेंच्या तोंडार," काकी म्हणाली. "कोंबयांचा पुस्तक काय ता?"

पुढची पानं हिने मनात वाचली, त्यामुळे मला काही कळलं नाही.

मग मी माझ्या प्रांतात शिरलो, हिशेबात. सहा फूट बाय नऊ फूट, म्हणजे भिंतींना दहा पॅनल, त्यात एक दाराचं. छपराला सहा. भिंतीचे आपसांत दहा सांधे, भिंत आणि छपराचे दहा, छपरातले आतले सात. एकूण सत्तावीस. प्रत्येक सांध्याला तीन क्लिपा, म्हणजे ८१. पिशवी ओतली, मोजली. ८०. पुन्हा मोजली. हिने मोजली. काकीने शेंगा बाजूला ठेवून मोजली. ८०. आयुष्यभर एक रुपयाच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत थांबलेल्या माणसाच्या नशिबी निवृत्तीनंतर हे यावं!

एव्हाना आबाकाका येऊन गडग्यावर बसले होते. दुसऱ्याचं काम बघायला त्यांना गडग्यासारखी जागा नाही.

"मोड्युलर म्हंजे काय रे?"

"म्हणजे मोडून परत जोडता येतं असं."

"मोडता ता दिसताच हा," ते म्हणाले. "जोडूचा काय ता बघूया. आणि आमचो मांडव काय वेगळो होतो? दिवाळी झाली की घालूचो, मिरग येवच्या आदी काढूचो. सुंभ सोडलो की झाप वेगळे, वासे वेगळे. तेका कोणी पुस्तक नाय दिल्यान."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि बोट नर-मादीच्या मध्ये सापडलेलं होतं.

पॅनल जोडण्याची खरी गंमत शेवटच्या पॅनलला असते. पहिले नऊ सुखाने बसतात. प्रत्येक जण थोडा तिरका, थोडा वर, थोडा खाली, कोणाचं कोणाला कळत नाही. आणि मग नवांनी मिळून केलेलं सगळं दहाव्याच्या गळ्यात येतं. आमचं दहावं पॅनल चार बोटं कमी पडलं. मी ओढलं, हिने ढकललं. ते बसलं तेव्हा समोरचा सांधा सुटला. तो बसवला तेव्हा कोपरा उचलला गेला. खळ्याला आम्ही सपाट म्हणतो ते चिऱ्याच्या खाणीच्या मानाने. दीड तास आम्ही दोघं त्या पिंजऱ्याभोवती मंगलाष्टकं न म्हणता फेरे घेत होतो.

शेवटी मेस्त्रीला बोलावलं. तो आला, पिंजऱ्याकडे एक डोळा मिटून बघितलं, खिशातून दोरी काढली आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांत धरली. सहा बाय नऊची चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेल तर दोन्ही कर्ण १० फूट १० इंच भरायला हवेत. आमचा एक ११ फूट २ इंच भरला आणि दुसरा १० फूट साडेपाच.

"काकानू," मेस्त्री म्हणाला, "ह्यो चौकोन नाय. ही काजूकतली झाली."

त्याने एका कोपऱ्याला पायाने हलकेच लाथ मारली. दहावं पॅनल आपोआप बसलं, 'टक्' करून. दीड तास मी ज्या आवाजाची वाट बघत होतो तो एका लाथेत आला. मेस्त्रीने मजुरी घेतली नाही, पण पुढे महिनाभर तिठ्यावर ती काजूकतली मला वेगवेगळ्या तोंडांतून ऐकायला मिळाली.

मग खुंट्या. सोबत आठ इंची लोखंडी खुंट्या होत्या, 'जमिनीत ठोकून पिंजरा पक्का करा.' आमच्या जमिनीत चार बोटं माती, आणि खाली कातळ. पहिल्या खुंटीचं प्रश्नचिन्ह झालं. दुसरी कोयतीसारखी वाकली. तिसरी मी ठोकली आणि ती सापडली नाही. शेवटी पुस्तिकेतली एकच शहाणी सूचना ऐकली. जाळीचा फूटभर पट्टा पिंजऱ्याबाहेर चारी बाजूंनी जमिनीवर पसरायचा. उकरणारा प्राणी भिंतीच्या बुडाशीच उकरतो. तिथे जाळी लागली की चार पावलं मागे जाऊन उकरावं, हे त्याला सुचत नाही. पट्ट्यावर जुन्या खुराड्याचे चिरे ठेवले. म्हणजे चार थर चिरे होते ते आडवे झाले, एवढाच काय तो बदल.

"उंची तीन फूट?" आबाकाका गडग्यावरून उतरता उतरता म्हणाले. "मगे अंडी काढूक आत कोण जातलो, कोंबो?"

हे मला सुचलंच नव्हतं.

तिन्हीसांजेला कोंबड्या नव्या घरात जातील, अशी माझी समजूत. आत दांडी लावली होती, खाली भाताचं तूस, कोपऱ्यात अंडी घालायला नारळाच्या शेंड्यांनी भरलेलं खोकं. कोंबड्यांनी दारातून आत बघितलं, पाहुणे खोली बघतात तसं, आणि एकापाठोपाठ एक फणसावर गेल्या. नवी जागा आपली वाटायला त्यांना काही दिवस कोंडून ठेवावं लागतं. कोंडण्यासाठी आधी धराव्या लागतात.

कोंबडीला अंधारात दिसत नाही, हा त्यातला एकच दिलासा. रात्री आठ वाजता बॅटरी घेऊन शिडी लावली. ही खाली, मी वर. झोपलेल्या कोंबडीच्या पोटाखाली हात घातला की ती तक्रार करत नाही. फक्त घशातल्या घशात 'कूं' असा एक लांब आवाज काढते, झोपेतल्या पोराला अंथरुणावर सरकवावं तसा. पिसांच्या आत हात गेला की आधी ऊब लागते, आणि मग बोटांखाली ते इवलंसं काळीज, भलत्याच घाईत. एकेक करून दहा फेऱ्या. शिडीवरून खाली, खळं ओलांडून, तीन फुटी पिंजऱ्यात रांगत. पाचव्या फेरीला माझी कंबर गेली. सातवीला मी कोंबडी आत सोडून स्वतः जरा तिथेच तुसावर टेकलो. बरं वाटलं. आठवीला हिने बाहेरून विचारलं, "जेवण तिथेच आणू का?"

मुंगूस तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला आलं. मुंगूस दिवसाढवळ्या कामाला येतं, चोरासारखं रात्री नाही. त्याने पहिल्यांदा पिंजऱ्याभोवती एक पूर्ण चक्कर मारली. मग दुसरी, सावकाश, प्रत्येक सांध्याशी थांबून, नाक लावून. आमच्या ऑफिसात दर मार्चला असेच एक साहेब यायचे. सव्वीस सांधे तपासून झाले. सत्ताविसाव्यापाशी, जिथे ८१ वी क्लिप नव्हती आणि मी सुंभाची गाठ मारली होती, तिथे ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं आणि त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी रामाची शपथ घालघालून ज्याला आम्ही तोंड दाखवायला सांगायचो, ते आता आपणहून दाखवत होतं. मी चप्पल फेकली. चप्पल पिंजऱ्याला लागली आणि नऊ कोंबड्या व एक कोंबा यांनी जो गदारोळ केला, त्याने काकी कोयता घेऊन धावली. दुपारी तिथे बांधकामाची तार पिळून टाकली.

एका क्लिपसाठी तक्रार करायला बसलो. कंपनीच्या यादीत क्लिप हा प्रकारच नव्हता. 'वस्तू मिळाली नाही', 'चुकीचा रंग' आणि 'पॅनल सदोष', एवढंच. बराच विचार करून मी तिसऱ्यावर बोट ठेवलं आणि खाली सविस्तर लिहिलं: पॅनल उत्तम आहेत, फक्त एक क्लिप कमी आहे.

तोवर मिरग लागला. आमच्या जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. पुस्तिका म्हणत होती, पिंजरा कोरड्या जागी ठेवा. जून ते सप्टेंबर कोरडी जागा आमच्या माळ्यावरसुद्धा नसते. जाळीवर जस्ताचा मुलामा होता, म्हणून ती तगली. लोखंडाआधी जस्त स्वतःला झिजवून घेतं. पण क्लिपांना मुलामा नव्हता. समुद्र दोन किलोमीटरवर, वारा खारा. पंधरा दिवसांत ८० क्लिपांचा रंग आमसुलासारखा झाला. देवगड बंदरातल्या एका तांडेलाने सांगितलं, क्लिपा ३१६ नंबरच्या स्टीलच्या हव्यात, त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला तेच टिकतं. तो शब्द त्याने 'मालवण'इतक्या सहज उच्चारला. मला अजून दोन श्वास लागतात.

कोंबड्या मात्र नऊच्या नऊ राहिल्या. खोटं कशाला बोला.

गणपतीला चार दिवस असताना कुरिअरवाल्याचा फोन. तिठ्यावर गेलो. मोठं चपटं खोकं. उघडलं तर आत कोरं करकरीत पॅनल, तीन फूट बाय तीन फूट. क्लिप नव्हती. मी ते तसंच परत खोक्यात घालून माळ्यावर टाकलं, आणि हिला काही बोललो नाही.

त्याच संध्याकाळी गणपतीच्या खोलीतली माटी काढली. देवाच्या वर टांगायची ती लाकडी चौकट, आजोबांच्या वेळची. हातात आली आणि मधोमध भुगा झाली. वाळवीने आतून सगळी खाल्ली होती. मेस्त्रीला फोन केला तर तो हसला. चार दिवसांवर गणपती असताना सिंधुदुर्गात मेस्त्री शोधणाऱ्याला सगळेच हसतात. ठाण्या-मुंबईची माणसं येऊन ठेपलेली, नारळ उतरवलेले, रानातून कवंडळं, शेरवडं, हरणं आणलेली, आणि बांधायचं कशाला?

माळ्याकडे पहिल्यांदा हिने बघितलं. म्हणजे तिला माहीत होतं.

काकीपुढे खोकं उघडलं. तिने पॅनल उभं धरलं, आरपार बघितलं, वास घेतला. "ह्येका कोंबी लागूक नाय ना?"

"नाही."

"कोंबयेन बघूक तरी नाय ना?"

"खोक्यात होतं, काकी."

"मगे चालता," म्हणून तिने त्यावर गोमूत्र शिंपडलं. अर्ध्या इंचाच्या भोकांतून सुतळी अशी काही सरसर गेली की पोरांनी तासाभरात नारळ, सुपारीची शिपटं, तवशी, कांगणी, आंब्याचे टाळे सगळं बांधून काढलं. जुन्या माटीवर 'माझं कुठे बांधू' म्हणून दरवर्षी भांडणं व्हायची. यंदा भोकं उरली.

चतुर्थीच्या रात्री भजनाला मेस्त्री आला. हात जोडले, मान वर केली, आणि देवाच्या वर, नारळांच्या मधून जरा वेळ बघत राहिला. एक डोळा मिटून.

"काकानू," तो हळूच म्हणाला, "ह्या मात्र गुण्यात असा हां."