चालत्या गाडीला खीळ घालू नका

ट्रक कंपनीचं रिकॉलचं, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावणारं, पत्र आलंय ना? तुमच्या ट्रकच्या पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसवतात त्या भागात, ‘संभाव्य उत्पादनदोष’ आढळलाय, गाडी सर्व्हिस सेंटरला आणा, पार्ट फुकट बदलून देऊ, असंच काहीतरी असेल त्यात. आधी पाणी प्या. अशी पत्रं घाईघाईत वाचायची नसतात, नाहीतर माणूस उगाच घाबरून गाडी उभी करून बसतो.

सावकाश वाचा. ‘काही विशिष्ट परिस्थितीत’ म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी परिस्थितीत. ‘क्वचित प्रसंगी’ म्हणजे आपली गाडी सोडून. आणि ‘वाहनावरील नियंत्रण सुटण्याची शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य तर फ्रेम करून लावण्यासारखं आहे. कंपनीच्या वकिलांनी ते किती वेळा घासूनपुसून घेतलं असेल! तेवढ्या निगुतीनं हब घासला असता तर पत्र पाठवायची वेळच आली नसती, पण तो वेगळा विषय झाला.

पत्रात पुढं म्हणतात, चेसिस नंबर तपासा. मुळीच तपासू नका. तो १७ अक्षर-आकड्यांचा असतो. एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यातून मुद्दाम वगळलेली आहेत. म्हणजे कोणत्या गाडीत दोष आहे हे शोधताना चूक होऊ नये, याची पुरेपूर काळजी घेऊन झाली आहे. नंबर टाकलात की पळवाट संपली. न बघितलेल्या नंबरावर मात्र तुम्ही कधीही ‘आमची गाडी त्यात नसेलच’ असं छातीठोक म्हणू शकता.

पार्ट फुकट आहे, या भुलावणीला तर अजिबात बळी पडू नका. पार्ट फुकट, दिवस फुकट नाही. उभ्या गाडीला भाडं मिळत नाही आणि कर्जाचा हप्ता काही रिकॉल होत नाही. शिवाय फोन केलात तर सर्व्हिस सेंटरवाला म्हणणार, “पार्ट अजून आलेला नाही, आला की कळवतो.” तोवर गाडी चालवायची की नाही, असं विचारून त्या बिचाऱ्याला अडचणीत टाकू नका. तसं पाहिलं तर आपण नशीबवानच. अमेरिकेत १९६६ साली कायदा झाला तेव्हा दोष सापडला की गाडीमालकाला कळवणं कंपनीवर बंधनकारक झालं, पण तो पदरच्या खर्चानं दुरुस्त करून देणं बंधनकारक व्हायला १९७४ उजाडलं. मधली आठ वर्षं कायदा एवढंच म्हणत होता, की बाबांनो, निदान सांगा तरी!

आता खरी अडचण चालकाची. फेरीवरून आल्यावर तो पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसतो, हबजवळ तळहात नेतो आणि चटका बसल्यासारखा मागं घेतो. मग नटावर बोट ठेवतो. नटाखालून गंजाची लालसर रेघ रिमवर उतरलेली असते. नट सैल होऊन आत घासाघीस सुरू झाली की अशी रेघ दिसते, हे त्याला कोणत्याही पत्राशिवाय माहीत असतं. “शेठ, हे चाक गरम येतंय. आणि जरा हलतंय पण.” यावर तुमचं उत्तर तयार हवं: “एवढी फेरी मारून ये, मग बघू.” ती रेघ फारच खुपत असेल तर नटांना चांदीचा रंग मारा. गाडी नवी दिसते आणि पुढची रेघ उमटेपर्यंत सगळ्यांनाच शांत झोप लागते.

कोणी जपानचा दाखला दिला तर ऐकू नका. (ऐकलात तर झोप उडेल.) जानेवारी २००२मध्ये योकोहामात मित्सुबिशीच्या एका चालत्या ट्रकचा हब तुटून पुढचं चाक निखळलं. सुमारे १४० किलोचं ते धूड घरंगळत गेलं ते रस्त्याकडेनं दोन लहान मुलांना घेऊन चाललेल्या २९ वर्षांच्या आईवर. ती गेली. कंपनी म्हणाली, मालकानं देखभाल नीट केली नाही. दोष हबातच होता हे कबूल करून गाड्या परत बोलवायला मार्च २००४ उजाडलं. याच कंपनीनं ग्राहकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं सरकारपासून दडवून ठेवल्याचं २०००मध्येच उघड झालं होतं, म्हणजे सराव अगदीच नव्हता असं नाही.

यातून आपण कंपनीकडून शिकायला हवं. तिनं बोट मालकाकडं केलं, तुम्ही चालकाकडं करा. दुखणं रेड्याला, डाग पखालीला. अपघाताच्या बातमीत ‘चालकाचा ताबा सुटला’ हे वाक्य तयारच असतं, तिथं फक्त गावाचं नाव बदलायचं. त्या वेळी चाक तरी जागेवर होतं का, हे विचारायला कोणी खाली वाकत नाही.

अगदीच मन खात असेल तर गाडी विकून टाका. पत्र तुमच्या पत्त्यावर आलंय, नव्या मालकाच्या नाही. त्याचा पत्ता कंपनीला कळवायची घाई तुम्हाला कशाला?

आणि हो, ते पत्र. फाडू नका, फाडलं तर मुद्दाम केल्यासारखं दिसतं. ऑफिसात ठेवा, जुन्या बिलांच्या खाली. केबिनमध्ये मात्र चुकूनही राहू देऊ नका. तिथं चालक बसतो, आणि त्याला वाचता येतं.