मंदिरबंदी म्हणजे औरंगजेबी? एका फॉरवर्डला उत्तर

आषाढी जवळ आली की सोलापूरच्या ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा फिरतो: 'औरंगजेबाला जमलं नाही ते सरकारने २०२० मध्ये केलं, विठ्ठलाचं दार बंद केलं. बार उघडे, मंदिर बंद. फक्त हिंदूंचा हा धर्मच्छळ.' पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणून हे जास्त झोंबतं. पण खरं किती?

'फक्त हिंदूंचा.' साफ खोटं. कोरोनाच्या त्याच बंदीत, मे २०२० मध्ये, रमजान ईदची नमाज घरोघरी झाली. चर्च, गुरुद्वारेही बंदच होते.

'औरंगजेबासारखं.' त्याने १६७९ मध्ये जिझिया लावला तो बिगरमुस्लिमांवर. धर्म बदलला की कर माफ. गोव्यात १५६० पासून पोर्तुगीजांच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, लोकांच्या घरातल्या चालीरीतींवर पाळत ठेवली. पंढरपुरात मात्र बंदीतही देवाचे नित्योपचार चालू होते, आषाढीला संतांच्या पादुका एसटीने आल्या आणि १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, दार उघडलं. दुसऱ्या लाटेत ते पुन्हा बंद झालं, ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडलं.

'बार उघडे, मंदिर बंद.' हे मात्र खरं, आणि याचा राग मलाही आहे. ५ ऑक्टोबर २०२० ला बार सुरू झाले; मंदिरं त्यानंतर सहा आठवडे बंद. चुरमुरे, बुक्का, तुळशीच्या माळा विकून वारीवर वर्ष काढणाऱ्यांचं पोट कशावर चालणार होतं? बंदीसाठी वापरलेला साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. पुण्यात तेव्हा सोल्जर लोकांच्या देवघरापर्यंत घुसले होते. सद्भावनेने केलं म्हटलं की अधिकाऱ्यावर दावा चालत नाही, हे कलम २०२० मध्येही त्यात होतंच. भांडायचं तर इथे भांडा.

साथीच्या नावाखाली धर्मावरून छळ होतो, तो वेगळा दिसतो. फेब्रुवारी १३४९ मध्ये युरोपातल्या स्ट्रासबुर्ग शहरात विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन शेकडो ज्यूंना जाळलं. प्लेग तर त्या शहरात अजून पोचलाही नव्हता. आपल्याकडे २०२० मध्ये तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेवर सगळ्या साथीचं खापर फोडलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्टला २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवल्याचं म्हटलं. धर्मच्छळाचा हा दाखला त्या मेसेजात नाही. याच ग्रुपांवर त्या एप्रिलमध्ये 'त्यांच्याकडून भाजी घेऊ नका' असे मेसेज फिरत होते, आणि ते पुढे ढकलणारे आपणच होतो.